पुरस्कार गल्ल्याला की गुणवत्तेला?

चित्रपटांचे पुरस्कार जाहीर झाले की घराघरात वाद रंगतो. ज्याने तिकीटबारीवर गर्दी खेचली त्याचा सत्कार व्हावा, की जो खरोखर चांगला आहे पण ज्याच्याकडे गर्दी फिरकलीच नाही त्याचा? मध्य प्रदेशातल्या एका छोट्या गावातल्या मराठी घरी या प्रश्नाचे उत्तर शोधताना सापडलेल्या काही गोष्टी.

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे छोटेसे गाव लागते. हिरण नदीचा उगम इथलाच. भोवतालची वस्ती बहुतांशी गोंड आदिवासींची. माझ्या मावशीचे यजमान इथल्या सरकारी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर नागपूरला परतण्याऐवजी त्यांनी इथेच घर बांधले. काका आता नाहीत. मावशी, तिचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू असे चौघे त्या घरात राहतात.

१ ऑगस्ट २०२५ च्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. टीव्हीवर ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची बातमी लागली आणि नातू उडालाच. शाहरूख खानला ‘जवान’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता, ‘ट्वेल्थ फेल’च्या विक्रांत मेसीसोबत विभागून.

‘‘बघ आजी, आता कुठे बरोबर झालं!’’ तो म्हणाला. ‘‘जो सिनेमा अख्ख्या देशाने पाहिला त्यालाच बक्षीस मिळायला पाहिजे. कुणी न पाहिलेल्या सिनेमाला बक्षीस द्यायचं, याला काय अर्थ आहे? काय आत्या, खरं की नाही?’’

मी काही बोलण्याआधीच भाजी निवडता निवडता मावशी म्हणाली, ‘‘अरे, कुणी न पाहिलेला म्हणजे कधी कधी कुणी न दाखवलेला असंही असतं.’’

नातवाचा प्रश्न चुकीचा नव्हता. चित्रपट प्रेक्षकांसाठीच काढतात. मग त्याचा निवाडा प्रेक्षकांनी करायचा की बंद खोलीत बसलेल्या मूठभर परीक्षकांनी? पण मावशीचे वाक्यही माझ्या मनातून जाईना.

एकाच वर्षी निघालेल्या दोन वाटा

गंमत अशी की आपल्या देशात या दोन्ही पद्धतींचे पुरस्कार एकाच वर्षी, १९५४ साली सुरू झाले.

१९४९ मध्ये केंद्र सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली होती. समितीचा अहवाल १९५१ मध्ये आला. चांगल्या चित्रपटांना सरकारने उत्तेजन द्यावे हा विचार त्यानंतर बळावला आणि १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. इथे निवड करणार परीक्षक मंडळ.

त्याच वर्षी ‘फिल्मफेअर’ नियतकालिकाने आपली पारितोषिके सुरू केली. त्यांची ती प्रसिद्ध बाहुली मराठी शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवली. इथे मात्र कौल वाचकांचा होता. पहिल्याच वर्षी वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते पाठवली.

आता दोन्हींचे निकाल पाहा. परीक्षकांनी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक दिले आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. साने गुरुजींच्या पुस्तकाने आधीच घराघरात स्थान मिळवले होते. ग्वाल्हेरच्या वनमालाबाईंनी रंगवलेली आई पाहताना चित्रपटगृहात कुणाचे डोळे कोरडे राहत नसत. म्हणजे ‘दर्जा’ पाहणाऱ्या परीक्षकांनी निवडलेला चित्रपट लोकांचाही लाडका होता.

आणि वाचकांनी सर्वोत्कृष्ट म्हणून काय निवडले? एखादा नाचगाण्यांचा रंगीबेरंगी चित्रपट? नाही. त्यांनी निवडला बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’. सावकारी पाशात सापडलेल्या, कलकत्त्यात हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ती करुण कहाणी. परीक्षकांनी याच चित्रपटाला गुणवत्तेचे प्रमाणपत्र दिले होते.

म्हणजे लोकांना दर्जा कळत नाही आणि परीक्षकांना लोकांची आवड कळत नाही, हे दोन्ही समज पहिल्याच वर्षी खोटे ठरले. मग बिनसले कुठे?

लोकप्रियता म्हणजे नेमके काय?

लोकप्रियता म्हणजे किती लोकांना चित्रपट आवडला याची मोजणी, असे आपण धरून चालतो. वास्तविक ती असते फक्त ज्यांना तो पाहायला मिळाला त्यांच्यापैकी किती जणांना आवडला याची मोजणी. या दोन्हींत फार मोठे अंतर आहे.

ते समजून घ्यायला कुंडमसारखी दुसरी जागा नाही. मावशीच्या तरुणपणी सिनेमा पाहायचा तर जबलपूर गाठावे लागे. अभिनेते प्रेमनाथ यांचे एम्पायर टॉकीज तिथलेच. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चे चित्रीकरण झालेले, त्यामुळे जबलपूरकरांना सिनेमाचा अभिमानही मोठा. पण मराठी चित्रपट? हिंदी मुलखातल्या मूठभर मराठी कुटुंबांसाठी कुठला वितरक पेटी पाठवणार? जबलपूरला मराठी चित्रपट लागल्याचे मावशीला क्वचितच आठवते, आणि लागला तरी संध्याकाळची शेवटची बस चुकवून तो पाहणे लेकुरवाळ्या बाईला शक्य नव्हते.

मग तिने मराठी चित्रपट पाहिले कसे? तर पुरस्कारांमुळे! १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत. एका रविवारी मल्याळम, एका रविवारी बंगाली, असे करता करता कधीतरी मराठीची पाळी येई. काकांनी बांबूला बांधलेली अँटेना फिरवायला मुलाला गच्चीवर पाठवायचे, खालून ‘‘आलं, आलं, थांब तिथेच!’’ असे ओरडायचे आणि मुंग्या मुंग्या दिसणाऱ्या पडद्यासमोर बसायचे.

‘‘एकदा त्या पेटीतून आपली भाषा ऐकू आली आणि मी कणीक तशीच टाकून बाहेर आले,’’ मावशी सांगत होती. ‘‘सिनेमा संथ होता. शेजारच्या बायका मध्येच उठून गेल्या. पण मी शेवटपर्यंत बसले. माहेरचं कुणीतरी येऊन बोलून गेल्यासारखं वाटलं.’’

त्या चित्रपटाची निवड गल्ला पाहून झाली असती तर तो कुंडमपर्यंत कधीच पोहोचला नसता. तिकीटबारीने कुंडमच्या त्या घराला मोजलेच नव्हते. पुरस्काराने मोजले.

लोकप्रियतेलाही आधी पडदा मिळावा लागतो, याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे दादा कोंडके. त्यांचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरल्याची नोंद गिनीज बुकात झाली. पण १९७१ मध्ये त्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाचा पडदा मिळेना, तिथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. बाळासाहेब ठाकरे यांनी मध्ये पडून शिवसैनिकांकरवी दबाव आणला तेव्हा ‘सोंगाड्या’ लागला आणि मग तो उतरायचे नाव घेईना. पडदाच मिळाला नसता तर? प्रेक्षकांना तो आवडतो हे कुणाला कधी कळलेच नसते. आज पडद्यांची संख्या वाढली, पण कुठला चित्रपट किती पडद्यांवर आणि कुठल्या वेळेला लागायचा, हे अजूनही प्रेक्षक ठरवत नाही.

लोकांच्या नावाने

बरे, लोकांचा कौल घ्यायचा म्हटले तरी तो खरोखर लोकांचाच असतो का?

ऋषी कपूर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केले की ‘बॉबी’च्या वेळी एका पारितोषिकासाठी त्यांनी तीस हजार रुपये मोजले होते. विशीतल्या मुलाचा तो अविचार होता, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले म्हणून आपल्याला कळले.

याउलट उदाहरण प्राण यांचे. १९७३ मध्ये ‘बेईमान’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक जाहीर झाले. संगीताचे पारितोषिकही त्याच चित्रपटाला होते. पण त्या वर्षी ‘पाकिजा’चे अवीट संगीत स्पर्धेत होते आणि त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच हे जग सोडून गेले होते. खरा मान त्यांचा, असे म्हणत प्राण यांनी स्वतःचे पारितोषिक नाकारले. आपल्याच चित्रपटाला मिळालेल्या बक्षिसाविरुद्ध उभे राहायला मोठे मन लागते.

हा पेच फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. १९२९ च्या पहिल्या ऑस्कर समारंभात दोन वेगळी पारितोषिके होती: एक ठरले उत्कृष्ट निर्मितीसाठी ‘विंग्ज’ला, दुसरे कलात्मकतेसाठी ‘सनराइज’ला. पुढच्याच वर्षी दुसरे बंद झाले. जवळजवळ नव्वद वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये ऑस्करवाल्यांनी ‘लोकप्रिय चित्रपट’ असे नवे पारितोषिक जाहीर केले, पण इतकी टीका झाली की महिन्याभरातच ते बाजूला ठेवले. २०२२ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून चाहत्यांचा कौल घेतला. तेव्हा जिंकला ‘आर्मी ऑफ द डेड’. ज्याला त्या वर्षी एकाही विभागात नामांकन नव्हते! एका दिग्दर्शकाच्या हौशी चाहत्यांनी संघटितपणे मते टाकली की असे होते. त्याला लोकमत म्हणायचे की चाहत्यांची चिकाटी?

आणखी एक गोष्ट. ‘जिस देश में गंगा बहती है’ला १९६२ मध्ये फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले, राज कपूरला अभिनयाचे. ही दोन्ही नावे जबलपूरच्या टांगेवाल्यालाही ठाऊक असतील. पण त्याच चित्रपटासाठी कलादिग्दर्शनाचे पारितोषिक एम. आर. आचरेकरांना आणि संकलनाचे जी. जी. मयेकरांना मिळाले, हे किती जणांना माहीत असते? संकलक, ध्वनिमुद्रक, छायालेखक यांच्या नावाने कुणी शिट्टी मारत नाही. त्यांचे काम इतके बेमालूम असते की चांगले झाले तर ते दिसतच नाही. त्याची पारख जाणकारालाच करावी लागते.

पण परीक्षकही चुकतात

म्हणून परीक्षकांना देवत्व द्यायचे कारण नाही. त्यांच्याही हातून मोठमोठे चेंडू सुटले आहेत.

१९७५ चा ‘शोले’ घ्या. त्याचे संवाद लोकांना पाठ, त्याची खलनायकी लोकांच्या बोलण्यात. पण फिल्मफेअरमध्ये त्याला मिळाले फक्त एक पारितोषिक; संकलनासाठी, मा. स. शिंदे यांना. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दीवार’. पुढे २००५ मध्ये फिल्मफेअरनेच ‘शोले’ला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले. तीस वर्षांनी का होईना, हिशेब चुकता झाला!

परीक्षकांची दुसरी खोड म्हणजे गंभीर ते दर्जेदार आणि हसवणारे ते उथळ, हा समज. अशोक सराफ यांनी १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून मराठी माणसाला पोट धरून हसवले. विनोदाची अचूक वेळ साधणे रडण्या-रडवण्याहून कितीतरी अवघड, हे कुठलाही नट सांगेल. तरी त्यांना २०२३ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळेपर्यंत त्यांची पंचाहत्तरी आली होती. प्रेक्षकांनी हा निकाल कित्येक वर्षे आधीच देऊन टाकला होता.

आणि १९९१ चा ‘माहेरची साडी’? समीक्षकांनी नाके मुरडली, सुवर्णकमळाच्या जवळपासही तो गेला नाही. पण गावोगावच्या बायका पदराने डोळे पुसत चित्रपटगृहाबाहेर पडत होत्या. त्या सगळ्या अडाणी होत्या असे म्हणणे म्हणजे स्वतःचेच अडाणीपण दाखवणे. सासरी सोसलेले जे त्यांना कुणाजवळ बोलता येत नव्हते ते त्या अंधारात रडून मोकळे करत होत्या. अशा चित्रपटाला सुवर्णकमळ द्यावे असे नाही. पण त्याने कुठल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले, हे समजून घेणे परीक्षकांच्याही फायद्याचे आहे.

सरकारला ही अडचण जाणवली असावी. म्हणूनच १९७५ सालच्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पुरस्कारांत निखळ मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला. पहिला मान ‘तपस्या’ला मिळाला, पुढे ‘हम आपके हैं कौन’, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ असे गाजलेले चित्रपट या यादीत आले. पण लक्षात घ्या, इथेही निवड परीक्षकच करतात, केवळ गल्ला मोजून नव्हे.

आधी पारख, मग गर्दी

राष्ट्रीय पुरस्कारांची एक अट सर्वसामान्य वाचकांना फारशी माहीत नसते. तिथे चित्रपट किती चालला हे विचारत नाहीत. त्या वर्षात त्याला सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेले असले म्हणजे झाले. त्यामुळे जो चित्रपट अजून लोकांसमोर आलेलाच नाही, त्याचीही पारख होऊ शकते.

‘सैराट’चे उदाहरण बोलके आहे. मार्च २०१६ च्या शेवटी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख झाला. तेव्हा ‘आर्ची’ कोण हे महाराष्ट्राला ठाऊक नव्हते. चित्रपट लागला २९ एप्रिलला आणि पुढचा इतिहास सांगायला नको. परीक्षकांनी आधी ओळखले, लोकांनी महिन्याभराने शिक्कामोर्तब केले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ जाहीर झाले, तेव्हा तोही इथल्या चित्रपटगृहांत यायचा होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ सुवर्णकमळ मिळाल्यानंतरच लोकांना पाहायला मिळाला.

‘श्यामची आई’नंतर पुन्हा सुवर्णकमळ मराठीत यायला पन्नास वर्षे लागली. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने ते आणले. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला घेऊन शहरात आलेल्या आजोबांची ती साधी गोष्ट. ना मोठा नट, ना नाचगाणी. तो २००४ मध्ये भारतातर्फे ऑस्करला गेला आणि मराठी चित्रपटाकडे पाठ फिरवलेले प्रेक्षक पुन्हा वळून पाहू लागले. त्यानंतर ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ यांनीही तो सन्मान मिळवला. ‘श्वास’ला पुरस्कार गल्ला पाहून द्यायचा ठरला असता तर या साखळीतली पहिली कडीच निसटली असती.

मग करायचे काय?

लोकप्रिय चित्रपटाला त्याचे बक्षीस मिळालेलेच असते. ते रोज, प्रत्येक खेळाला, तिकीटबारीवर रोख मिळते. पुरस्काराने पुन्हा तेच मोजण्यात काय हशील? शाळेत ज्याला सगळ्यांत जास्त मित्र आहेत त्याला आपण गणिताचे बक्षीस देत नाही. त्याला वर्गाचा प्रतिनिधी करतो. तोही मानच आहे, पण वेगळा.

म्हणून दोन्ही मान वेगळे आणि प्रामाणिक ठेवावेत. लोकप्रियतेचा द्यायचा तर तो रुपये मोजून नको, विकलेली तिकिटे मोजून द्यावा. महानगरातल्या एका महागड्या खुर्चीच्या भावात तालुक्याच्या गावात चौघांचे कुटुंब सिनेमा पाहते. रुपये मोजले की त्या चौघांचे एकच मत होते. गुणवत्तेचा द्यायचा तर तो जाणकारांनीच द्यावा, पण आपण हाच का निवडला हे त्यांनी चार समजतील अशा शब्दांत सांगावे. कारणे कळली की वाद होईल, पण संशय राहणार नाही.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुरस्कार देऊन काम संपत नाही. ज्या चित्रपटाला देशाने चांगले म्हटले तो देशाला पाहायला मिळालाच पाहिजे. रविवारच्या दुपारी दूरदर्शन जे काम करत असे ते आज शाळांतून, वाचनालयांतून, गणेशोत्सवाच्या मंडपातूनही करता येईल. आपणही घरात महिन्यातून एक संध्याकाळ अशा एखाद्या चित्रपटासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? पहिली वीस मिनिटे मुले कुरकुर करतील. करू देत. ‘श्वास’मधला नातू शेवटचे डोळे भरून जग पाहतो, तेव्हा कुरकुर करणारेही गप्प होतात.

त्या रात्री जेवण झाल्यावर नातवाने मोबाइलवर पुरस्कारांची यादी पुन्हा उघडली. शाहरूखचे नाव दोनदा वाचून झाल्यावर तो खाली खाली सरकत गेला आणि थांबला.

‘‘आजी, बेस्ट मराठी फिल्म, ‘श्यामची आई’. हे तुझ्या कपाटातलं पुस्तक ना?’’

‘‘तेच. अत्र्यांनी त्याच्यावर एकदा सिनेमा काढला होता. आता हा पुन्हा नव्याने कुणी काढलेला दिसतो,’’ मावशी म्हणाली.

सुजय डहाके यांचा हा चित्रपट २०२३ मध्ये आला होता. पहिल्या सुवर्णपदकाला सत्तर वर्षे उलटून गेल्यावर त्याच आईने पुन्हा एकदा मराठीसाठी पुरस्कार आणला होता. कुंडमला मात्र त्याची कुणालाच खबर नव्हती.

नातू थोडा वेळ यादीकडे पाहत राहिला. मग त्याने मला विचारले, ‘‘आत्या, हा कुठे बघायला मिळेल?’’

संध्याकाळी त्याचा प्रश्न होता, कुणी पाहिला? आता तो विचारत होता, कुठे पाहता येईल? कुठलाही पुरस्कार एवढे करू शकला, तर तो योग्य चित्रपटालाच मिळाला असे खुशाल समजावे.